थंडीत झाड हिरवंगार, पण फूल नाही: आधी कळी बघा, मग खताला हात लावा

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यात गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल त्याच त्या तक्रारी सुरू होतात. शेवंती गुडघ्याच्या वर गेली, पण कळीचा पत्ता नाही. गुलाबाला कळ्या येतात आणि न उमलताच तपकिरी पडतात. जास्वंदीच्या कळ्यांचा सकाळी फरशीवर सडा. नर्सरीतून फुलांनी डवरलेली कुंडी आणली आणि दोन आठवड्यांत तिचा खराटा झाला. यातल्या प्रत्येक तक्रारीवर घरोघरी उपाय मात्र एकच होतो: मूठभर खत.

हे खत बहुतेक वेळा चुकीच्या दुखण्यावर पडतं. कार्तिकापासून माघापर्यंत पुण्यात फूल अडतं ते ऊन, रात्रीचा अंधार, छाटणीची वेळ, पाणी आणि कीड यांच्यामुळे. खताची कमतरता हे कारण या यादीत बरंच खाली येतं, आणि जास्त खत झाल्यामुळे फूल अडण्याचे प्रकारच जास्त दिसतात. म्हणून आधी झाडासमोर बसून एवढंच ठरवा: कळी धरलीच नाही, की धरली आणि बारीक असताना गळली, की मोठी होऊन उमलली नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

कळीच धरत नाही

आधी ऊन तपासा. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे कलून दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. याचा हिशेब कुंडीच्या भाषेत असा: दक्षिणेला ३० मीटर उंचीची, म्हणजे साधारण दहा मजली इमारत असेल, तर डिसेंबरच्या भर दुपारी तिची सावली उत्तरेकडे २७ मीटर पडते. जूनमध्ये लख्ख उन्हात असलेला गच्चीचा कोपरा डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असू शकतो, आणि हे आपल्या लक्षात येत नाही कारण कुंडी तर जागची हललेली नसते. उत्तरेच्या गॅलरीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन येतच नाही. उलट दक्षिणेच्या गॅलरीत याच दिवसांत ऊन पार आतपर्यंत येतं.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर तासाला कुंडीवर ऊन आहे का, एवढंच लिहून ठेवा. शेवंती, गुलाब, झेंडू, पिटुनिया यांना सहा तास थेट ऊन हवं. चारच्या खाली आलं की झाड उंच, लुकडं होतं आणि कळ्या कमी धरतं. जागा बदलणं शक्य नसेल तर या झाडांचा हट्ट सोडा. उत्तरेच्या गॅलरीत बेगोनिया, पीस लिली, अँथुरियम किंवा आफ्रिकन व्हायोलेट जास्त समाधान देतील.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मार्च-एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी शेडनेट. पन्नास टक्क्यांची जाळी निम्मं ऊन खाते. पाऊस सरला की ती उतरवायलाच हवी.

ऊन पुरेसं आहे आणि तरीही शेवंतीला कळी नाही, तर रात्री बघा. शेवंती कळी धरते ती रात्र लांबल्यामुळे. थंडीमुळे नाही. पुण्यात जूनमधला सर्वात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वात छोटा अकरा तासांचा. पावसाळा संपताना रात्र मोठी होऊ लागली की शेवंती पानं करायचं थांबवून कळीकडे वळते. पण ही रात्र सलग काळोखी हवी. पॉलिहाऊसमधले शेतकरी फुलं पुढे ढकलायची असतील तर मध्यरात्री काही तास बल्ब लावून ठेवतात, म्हणजे झाडाला रात्र छोटी वाटते. आपल्या गॅलरीत हेच काम नकळत होतं. रस्त्यावरचा एलईडी दिवा, सोसायटीच्या आवारातला फोकस, जिन्यातला रात्रभर जळणारा बल्ब, आणि दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, कुठे कुठे त्याच्याही पुढे, रोज रात्री लागणारा आकाशकंदील आणि लायटिंगच्या माळा.

याची खूण अगदी स्पष्ट दिसते. शेवंतीचं झुडूप चहूबाजूंनी फिरवून बघा. दिव्याकडची बाजू नुसती पानांनी भरलेली, शेंडे कोवळे, हिरवे, वाढतेच आहेत. आणि भिंतीकडची, अंधारातली बाजू ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्यांनी खच्चून. एकाच झाडाच्या दोन बाजूंत असा फरक दिसला तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. सगळंच झाड उजेडात असेल तर साधी परीक्षा घ्या: रात्री अकरा वाजता घरातले दिवे बंद करून कुंडीजवळ उभे राहा. वर्तमानपत्रातली बातमी वाचता येत असेल, तर तिथला उजेड शेवंतीला जास्त आहे.

उपाय सोपा आहे. कुंडी कठड्यावर किंवा स्टँडवर असेल तर खाली, कठड्याच्या सावलीत जमिनीवर ठेवा. आकाशकंदील दुसऱ्या टोकाला टांगा. जागाच नसेल तर रोज संध्याकाळी ६ ला जाड काळं कापड किंवा मोठा पुठ्ठ्याचा खोका झाडावर घाला आणि सकाळी ७ ला काढा. खोक्याला फटी नकोत. सकाळी काढायला विसरू नका. कोवळ्या उन्हातही आत झाड उकडून निघतं. हे रोज करायचं, मध्ये खाडा नको. तीन-चार आठवड्यांत कळ्या डोळ्यांना दिसू लागतात. कळ्यांनी रंग दाखवला की झाकणं बंद करा. फूल यायला एकूण सात ते नऊ आठवडे धरा. १० नोव्हेंबरला सुरुवात केली तर फूल जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

कलांचो आणि पॉइन्सेटिया हेही याच स्वभावाचे. दोघांनाही रोज सलग १४ तास काळोख लागतो, म्हणजे संध्याकाळी ५ ते सकाळी ७. कलांचोला सहा आठवडे, पॉइन्सेटियाला आठ. घरात, टीव्हीच्या खोलीत ठेवलेला कलांचो दुसऱ्या वर्षी फुलत नाही तो यामुळेच. गुलाब, जास्वंद आणि पिटुनिया यांना मात्र दिव्याचा त्रास नाही. पिटुनियाला तर मोठा दिवस उलट मानवतो. तेव्हा अंधाऱ्या जागेच्या वाटणीत शेवंतीला पहिला मान द्या.

आता छाटणी. दसरा झाला की सोसायटीचे माळीकाका कात्री घेऊन सगळ्या बागेला एकसारखा हात मारतात. गुलाबाला तो हवाच असतो. कुंद आणि कोरांटीचं मात्र त्यात वर्ष फुकट जातं.

कुंद फुलतो तो पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याला गोल आकार दिला की पौष-माघातली फुलंच कापून टाकली. जांभळ्या आणि पिवळ्या कोरांटीचंही तेच. या दोघांची छाटणी फुलं संपल्यावर, फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये. कापून झालंच असेल तर आता काही टाकून उपयोग नाही, पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. शेवंतीची शेंडाखुडणी ऑगस्टअखेर थांबवायची. सप्टेंबरच्या मध्यानंतर खुडलं की कळ्या धरणारे शेंडेच जातात.

गुलाब याच्या नेमका उलट. तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छाटलाच पाहिजे. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढा. उरलेल्या काड्या मातीपासून दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फांदी फुटते त्या टेंगळाच्या) अर्धा सेंटिमीटर वर तिरप्या कापा. छाटणीपासून ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर येतो. १५ ऑक्टोबरची छाटणी म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं. त्या सुमाराला बहर हवा असेल तर तारीख उलटी मोजून डिसेंबरच्या सुरुवातीला हलकी छाटणी करा. नोव्हेंबर उलटला म्हणून छाटणी रद्द करू नका, उशिरा केलेली न केलेल्यापेक्षा बरी.

गुलाबाला वर्षानुवर्षं फूलच नाही, झाड मात्र जोरात, असं असेल तर बुडाशी वाका आणि डोळा भरलेला जोड शोधा. खोडावर गाठीसारखा फुगवटा दिसतो. त्याच्या खालून आलेल्या फांद्या खुंटाच्या, म्हणजे जंगली गुलाबाच्या असतात. पानं वेगळी, बारीक, रंग फिकट. त्या कात्रीने न कापता जिथून निघाल्या तिथून खाली ओढून उपटा. कापल्या तर तिथून आणखी चार फुटतात. जोडाच्या वर काही जिवंत उरलंच नसेल तर ते झाड आता तुमचा गुलाब राहिलेला नाही, नवं आणा.

हे सगळं ठीक असूनही कळी नाही, पानं मात्र मोठी, गर्द हिरवी आणि लुसलुशीत, तर नत्र जास्त झालंय. गणपतीपासून दर आठवड्याला शेणखत, वर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत), कधी चिमूटभर युरिया, अशी भरती झालेली असते. नस्टर्शियम तर साध्या मातीतच फुलतं, त्याला खत दिलं की नुसती छत्रीसारखी पानं. अशा वेळी तीन आठवडे खत पूर्ण बंद. कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालच्या भोकातून वाहू द्या. तीन आठवडे झाले की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून दहा-बारा इंची कुंडीला अर्धा लिटर, दर दहा दिवसांनी. आधी माती ओली असावी. कळीने रंग दाखवला की तेही थांबवा.

केळीच्या सालींचं पाणी, कांद्याच्या टरफलांचं पाणी याने या हंगामातल्या कळीत फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. साली कुजून खत व्हायला वेळ लागतो, तोवर कुंडीभोवती चिलटं होतात. त्या कंपोस्टच्या डब्यात टाका.

कळी धरली, पण बारीक असतानाच गळते

जास्वंदीपासून सुरुवात करू, कारण तिचं कारण बहुतेकांना दिसतच नाही. खाली पडलेली पिवळट कळी उचला, पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि नखाने उभी चिरा. आत, पाकळ्यांच्या बुडाशी, बारीक पांढरट-पिवळसर अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशीची अळी. माशी कळीत अंडी घालते, अळी कळी आतून खाते, कळी गळून पडते आणि अळी मातीत शिरून कोष करते. तिथून पुन्हा माशी. फवारा कळीच्या आत पोचत नाही, म्हणून महागडं औषधही वाया जातं. उपाय चक्र तोडण्याचा: खाली पडलेल्या आणि झाडावर पिवळ्या पडू लागलेल्या सगळ्या कळ्या रोज सकाळी वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, दोन दिवस उन्हात ठेवून मग कचऱ्यात. कंपोस्टमध्ये कदापि नाही. हे तीन आठवडे न चुकता करा. त्याच वेळी कुंडीतली वरची इंचभर माती काढून नवी घाला. शेजारच्या गॅलरीतही जास्वंद असेल तर त्यांनाही सांगा, नाहीतर माशी तिकडून परत येईल.

कळी चिरल्यावर आत काहीच नसेल तर खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मुंग्या चढतात त्या मावा किंवा पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी. कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका असेल तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळपट मावा येतो. तो पाण्याच्या जोरदार धारेने तीन दिवस लागोपाठ धुतला तरी बराच आटोक्यात येतो. उरलेल्यासाठी कडुनिंबाचं तेल.

तेलाबद्दल जरा सविस्तर, कारण तिथेच चुका होतात. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात हे तेल बाटलीत घट्ट होतं. तसंच ओतलं तर पाण्यावर गुठळ्या तरंगतात आणि फवाऱ्याचं तोंड बुजतं. बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात उभी करा. मग ५ मिली तेल आणि २ मिली भांड्यांचं लिक्विड आधी एकत्र घोटा, दूधट झालं की एक लिटर कोमट पाण्यात मिसळा आणि लगेच वापरा; उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. उमललेल्या फुलांवर नको, पाकळ्यांवर डाग पडतात आणि मधमाश्या बसतात.

कीड नाही, मुंग्या नाहीत, तरी कळ्या गळतात, तर पाणी. पुण्याची थंडी कोरडी. पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-३०, वर आठव्या-दहाव्या मजल्यावर वारा. सकाळी ओली दिसलेली नऊ इंची कुंडी दुपारी दोनला सुकलेली असू शकते, आणि कळीच्या वेळी एकदा कोरडी पडलेली शेवंती कळ्या सोडून देते. दुसरीकडे, ऑक्टोबरच्या उकाड्यात लागलेली दोन वेळा पाण्याची सवय डिसेंबरमध्येही चालू राहते आणि मुळं कुजतात. गंमत अशी की दोन्हींत झाड दुपारी माना टाकतं. फरक बोटाने कळतो: बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी. ओलं, गार लागलं आणि तरी झाड मलूल, तर मुळं गुदमरलीत. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर झाड जातं. ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालच्या भोकात सळई घालून मोकळं करा आणि माती वरून सुकेपर्यंत थांबा. नुसत्या काळ्या मातीत भरलेल्या कुंडीत हे दरवर्षी होणारच. पुढच्या वेळी भरताना चार भाग पोयटा किंवा लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट घ्या.

पाणी सकाळी, बुडाशी, खालून बाहेर येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडणं हे सर्वात वाईट, वरची माती ओली आणि मुळांशी कोरडं.

कडाक्याच्या आठवड्यात, रात्रीचा पारा दहाच्या आसपास असताना, डबल जास्वंद कळ्या टाकते आणि सिंगलची फुलं लहान येतात. हा आजार नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकवा, भिंत रात्री ऊब देते. मोगरा तर या दिवसांत विश्रांतीलाच असतो. त्याला खत नको, पाणी कमी करा, आणि जानेवारीअखेर छाटा.

कळी मोठी झाली, पण उमलत नाही किंवा वेडीवाकडी उमलते

गुलाबाच्या कळीच्या कडा तपकिरी, पाकळ्यांवर गंजासारख्या रेघा, आणि एका बाजूने वाकडी. ही कळी पांढऱ्या कागदावर तीन-चार वेळा टिचकी मारून झटका. पेनने काढलेल्या बारीक आडव्या रेघेएवढे पिवळट-तपकिरी किडे कागदावर धावू लागले तर ते फुलकिडे. पाकळ्यांच्या घड्यांत लपून ते रस खरवडतात, म्हणून वरून फवारलेलं त्यांना लागत नाही. आधी सगळ्या खराब कळ्या कापून पिशवीत बंद करा. मन घट्ट करा, त्या उमलणार नाहीतच. मग कडुनिंबाचा वरचा फवारा दर पाच-सहा दिवसांनी तीन वेळा. तेवढ्याने भागलं नाही तर स्पिनोसॅड ४५ टक्के हे कीटकनाशक, एका लिटरला ०.३ मिली, सूर्य मावळल्यावर, मधमाश्या परतल्यावर. मोजायला इंजेक्शनची एक मिलीची सिरिंज वापरा, अंदाजाने झाकण ओतू नका. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा. निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावले तर किडे आले की लगेच कळतं.

कळीवर आणि कोवळ्या पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी. गरम कोरडे दिवस आणि दमट गार रात्री हे तिचं आवडतं हवामान, म्हणजे पुण्याचा डिसेंबर. गुलाब आणि डेलिया तिच्या तडाख्यात आधी सापडतात. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, दोन ग्रॅम एका लिटरला, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. यात एक पथ्य आहे आणि ते मोडलं की पानं करपतात: गंधक आणि तेलाचा फवारा यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. आज कडुनिंब, परवा गंधक असं करू नका. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर हातभर अंतर द्या, वारा खेळला की निम्मी भुरी कमी होते.

शेवंतीची पानं धुरकट, मागे बारीक जाळी आणि कळ्या थिजल्यासारख्या: लाल कोळी. कोरड्या हवेत वाढतो. पानांच्या मागच्या बाजूने सकाळी पाण्याचा फवारा, तीन दिवस लागोपाठ. ऊन लागून पानं लगेच सुकली पाहिजेत.

पिटुनिया किंवा शेवंतीच्या कळीला गोल भोक आणि पानावर काळे बारीक दाणे दिसले तर अळी आहे. दिवसा सापडत नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन शोधा, हाताने उचला. चार-पाच कुंड्यांसाठी औषधाची गरजच नाही.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस होऊन दोन दिवस ढग राहिले तर उमलणाऱ्या शेवंतीच्या पाकळ्यांवर करडी बुरशी येते. ती फुलं लगेच काढा, कुंडी आडोशाला घ्या, पाणी फुलांवर पडू देऊ नका.

नर्सरीतून आणलेली कुंडी पंधरा दिवसांत का संपते

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून दिवाळीत येणारी बुटकी, घुमटासारखी शेवंती एकच झाड नसते. एका कुंडीत तीन ते पाच रोपं असतात, नुसत्या कोकोपीटमध्ये, आणि वाढ बुटकी राहावी म्हणून त्यांना औषधही दिलेलं असतं. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं, मधला गोळा कोरडाच. कुंडी उचलून बघा. पाणी घालूनही हलकी लागली तर तेच झालंय. बादलीत कुंडीच्या गळ्यापर्यंत पाणी घ्या, कुंडी वीस मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळा.

फुलावर असताना कुंडी बदलू नका. आणल्या दिवशी मोठ्या कुंडीत लावायचा मोह होतो, त्यातच कळ्या गळतात. उलट आणतानाच कळ्या जास्त आणि उमललेली फुलं कमी असलेली कुंडी निवडा, कळ्यांनी रंग दाखवलेला असावा. अगदी हिरव्या, घट्ट कळ्या घरी आल्यावर अनेकदा तशाच राहतात. गुलाब घेताना पिशवीतली माती दाबून बघा. चिकट तांबड्या मातीचा दगडासारखा गोळा असेल तर बहर संपल्यावर तो पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि मग लावा, नाहीतर मुळं गोळ्याबाहेर येतच नाहीत.

हंगामी फुलं

पिटुनियाचे लांब नागडे वेल आणि टोकाला दोन फुलं, हे जानेवारीत होणारच. वेल निम्म्यावर कापा, ०:५२:३४ नव्हे तर एकदा १९:१९:१९ एक ग्रॅम लिटरला द्या, तीन आठवड्यांत पुन्हा भरतो. सुकलेलं फूल नुसतं ओढू नका. मागचा हिरवा बोंडाचा भाग देठासह खुडा, नाहीतर बी धरून झाड थकतं.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू कुंडीत चुरगाळून टाकला की रोपं भरपूर येतात, पण वीतभर असतानाच एक छोटं फूल येतं आणि तक्रार होते. रात्री मोठ्या झाल्या की झेंडू वाढ आखडून घाईने फुलतो. शिवाय संकरित फुलाचं बी आईसारखं निघत नाही. अशा उशिराच्या रोपांचा शेंडा खुडू नका, दाटी मात्र विरळ करा, दहा इंची कुंडीत दोनच रोपं.

पानं पिवळी, शिरा हिरव्या

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसतं. जड पाण्याने मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ग्रॅम एका लिटरला, पानांवर, आठवड्याच्या अंतराने दोनदा. पांढरा थर खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. अशा कुंडीत चुलीची किंवा होमाची राख घालू नका, दुखणं वाढेल.

शेवंती संपल्यावर

फुलं सुकली की बहुतेक शेवंत्या कचऱ्यात जातात, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा विकत. खोड मातीपासून चार बोटांवर कापा आणि कुंडी उन्हात ठेवून पाणी निम्मं करा. तीन-चार आठवड्यांत बुडाभोवती नव्या काश्या, म्हणजे मातीतून येणारे फुटवे, फुटतात. त्या उन्हाळ्यात दुपारच्या सावलीत जगवायच्या. जूनमध्ये चांगल्या जाडीच्या, मुळं असलेल्या काश्या वेगळ्या करून दहा इंची कुंडीत एक अशा लावा, चार आठवड्यांनी शेंडा खुडा, पुढची खुडणी ऑगस्टअखेरच्या आत. कुंडीवर रंग आणि शेवटच्या खुडणीची तारीख मार्करने लिहून ठेवा. नोव्हेंबरात कळी दिसली नाही तर तारीख आधी वाचा, आणि मग रात्री अकरा वाजता वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जा.